छोट्या फ्रेमवर्कसोबत साधं ओआरएम कोणतं घ्यावं? (फ्लास्क, बॉटल वगैरे)

अर्धविराम

फ्लास्क या पायथनच्या छोट्या वेब फ्रेमवर्कवर ग्रंथालयाच्या देवघेवीची नोंद ठेवणारं छोटं अ‍ॅप बसवायचं आहे. टेबलं एकूण ९, त्यातली मुख्य म्हणजे पुस्तक, लेखक, सभासद आणि देवघेव. डेटाबेस सध्या एसक्यूएलाइट (एका फाइलीत मावणारा), पुढेमागे पोस्टग्रेसवर (वेगळा सर्व्हर लागणारा) जावं लागेल, पण नक्की नाही. एका वेळी फार तर १०-१५ जण वापरतील.

जँगो (पायथनचंच मोठं फ्रेमवर्क) नको आहे, कारण लॉगिन आणि टेम्प्लेटचं आधीच वेगळं ठरलंय. ओआरएम (टेबलातले रो कोडमध्ये ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणारी लायब्ररी) शोधलं की एसक्यूएलअल्केमी, पीवी, पोनी, एसक्यूएलमॉडेल अशी नावं येतात, आणि पहिल्या पानावरचं उदाहरण सगळ्यांचं सारखंच गोड दिसतं. मला हवंय ते एवढंच: टेबलात नंतर बदल करायची धड सोय, आणि काही अडलं तर खाली डेटाबेसला नेमकी कोणती क्वेरी (एसक्यूएलमधली आज्ञा) गेली ते दिसलं पाहिजे. जाणकारांनी सांगावं.

खटपट्या

पीवी घ्या. एकच पॅकेज आहे, आणि एसक्यूएलाइटचा ड्रायव्हर पायथनसोबतच येतो. क्वेरी एसक्यूएलच्याच क्रमाने लिहायची, त्यामुळे एसक्यूएल येणाऱ्याचा हात लवकर बसतो. 'पीवी' नावाच्या लॉगरची पातळी डीबग केली आणि त्याला एक हँडलर जोडला की प्रत्येक क्वेरी, तिच्यात भरलेल्या किमतींसकट, टर्मिनलवर दिसते.

पण उदाहरणं बघून निवडू नका. छोट्या फ्रेमवर्कमध्ये खरा प्रश्न असतो तो कनेक्शन कोण उघडतं आणि कोण मिटतं हा. जँगो ते तुमच्या नकळत करतं; फ्लास्क आणि बॉटल त्यात पडतच नाहीत. पीवीत ते असं लावा:

डेटाबेस ऑब्जेक्ट बनवताना 'ऑटोकनेक्ट' फॉल्स करा. मुळात ते ट्रू असतं, म्हणजे पहिली क्वेरी आली की कनेक्शन आपोआप उघडतं, पण मिटत कोणीच नाही. फॉल्स केलंत की विसरलेली जागा ताबडतोब एरर देते. मग बिफोर-रिक्वेस्टमध्ये कनेक्ट करायचं आणि टिअरडाउन-रिक्वेस्टमध्ये, आधीच बंद नाही ना हे तपासून, क्लोज करायचं. आफ्टर-रिक्वेस्टच्या भरवशावर राहू नका. मध्येच एक्सेप्शन उडालं तर त्याची पाळी येईलच असं नाही, टिअरडाउनची येते. फ्लास्कच्याच स्टॅटिक रूटवरून सीएसएस आणि चित्रं जात असतील तर बिफोर-रिक्वेस्ट त्यांच्यासाठीही चालतं, तेव्हा एंडपॉइंट 'स्टॅटिक' असेल तर कनेक्ट न करता परत फिरा.

एसक्यूएलाइटसाठी दोन प्रॅग्मा (त्याच्या सेटिंगच्या आज्ञा) डेटाबेस ऑब्जेक्ट बनवतानाच द्या: जर्नल मोड 'वॉल' (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) आणि फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याच्या रोकडे जाणारा दुवा) १. फॉरेन कीची तपासणी एसक्यूएलाइटमध्ये मुळात बंद असते आणि ती प्रत्येक कनेक्शनला नव्याने चालू करावी लागते. नाहीतर सभासद डिलीट होतो आणि त्याच्या देवघेवी टेबलात अनाथ पडून राहतात, कुठेही एरर न येता.

पीवीचे नवख्याला हमखास लागणारे तीन खड्डे:

व्हेअरमध्ये दोन अटी जोडायला पायथनचा 'अँड' लिहिलात तर पहिली अट गपचूप गळून पडते आणि फक्त दुसरी उरते. अँपरसँडचं चिन्ह वापरायचं आणि दोन्ही अटी आपापल्या कंसात ठेवायच्या, कारण ते चिन्ह 'बरोबर आहे का'च्या दुहेरी चिन्हाच्या आधी लागू होतं.

परत न आलेली पुस्तकं शोधताना 'परत तारीख इज नन' असं लिहिलंत तर ती तुलना पायथनच उरकून टाकतं, उत्तर येतं फॉल्स, आणि यादी रिकामी. तिथे इज-नल.

तिसरा तुमच्याच कामातला. पुस्तकाचा दाखल क्रमांक हीच प्रायमरी की ठेवलीत आणि नवं पुस्तक 'सेव्ह' केलंत, तर पीवी की भरलेली पाहून इन्सर्टऐवजी अपडेट पाठवतं. शून्य रो बदलतात, एरर येत नाही, पुस्तकही येत नाही. अशा वेळी 'क्रिएट' वापरा किंवा सेव्हला 'फोर्स इन्सर्ट' ट्रू द्या.

सुईदोरा

पीवीला विरोध नाही, पण "पुढेमागे पोस्टग्रेस" आणि "टेबलात बदल करायची धड सोय" ही दोन वाक्यं एकत्र वाचली की मी एसक्यूएलअल्केमी म्हणेन, फ्लास्क-एसक्यूएलअल्केमी या जोडणीसकट. विनंती संपली की सेशन (डेटाबेसशी चाललेलं काम सांभाळणारं ऑब्जेक्ट) काढून टाकायचं काम ती जोडणीच करते, म्हणजे वर खटपट्यांनी सांगितलेली अर्धी जुळवाजुळव वाचते. फॉरेन कीच्या प्रॅग्मासाठी मात्र इथेही कनेक्ट इव्हेंटवर एक लिसनर लावावा लागतोच.

मोठा फरक आतल्या कारभारात आहे. एसक्यूएलअल्केमीचं सेशन एका रोसाठी एकच ऑब्जेक्ट ठेवतं आणि कमिटच्या (बदल पक्के करण्याच्या) वेळी जे कॉलम खरोखर बदलले तेवढेच अपडेटमध्ये घालतं. पीवीचं 'सेव्ह' काही सांगितलं नाही तर सगळे कॉलम लिहितं. समजा, एकाने सभासदाचा पत्ता बदलायला फॉर्म उघडला आणि त्याच वेळी दुसऱ्याने त्याच सभासदाची अनामत दुरुस्त केली. पत्तावाल्या विनंतीने रो आधीच वाचून ठेवलेला असेल तर तिचं सेव्ह अनामतीची जुनी किंमत परत लिहून जातं. पीवीत मॉडेलच्या मेटामध्ये 'ओन्ली सेव्ह डर्टी' ट्रू केलं की हे टळतं, पण ते कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

त्रास सांगायचा तर दोन. एक, २.० आवृत्ती जानेवारी २०२३ मध्ये आली आणि तिची शिफारस सेशन-एक्झिक्यूट-सिलेक्ट अशी आहे. नेटवरची निम्मी उत्तरं जुन्या 'क्वेरी' पद्धतीची आहेत. दोन्ही चालतात, म्हणून माणसं एकाच फाइलीत दोन्ही मिसळतात आणि मग वाचणाऱ्याचे हाल. दोन, कमिट झाल्यावर सेशनमधली सगळी ऑब्जेक्टं शिळी मानली जातात. पुढच्या वाचनाला पुन्हा क्वेरी जाते, आणि तोवर सेशन बंद झालं असेल तर 'डिटॅच्ड इन्स्टन्स' एरर. टेम्प्लेटला जे द्यायचं ते सेशन जिवंत असतानाच वाचून घ्या.

तिरकस

९ टेबलांना ओआरएम? पायथनचं एसक्यूएलाइट मॉड्यूल, 'रो फॅक्टरी'ला 'रो' द्या म्हणजे कॉलम नावाने मिळतात, किमती प्रश्नचिन्हाच्या जागी भरा. संपलं. ३०-४० क्वेरी एका फाइलीत मावतात. खाली कोणती क्वेरी गेली हा प्रश्नच उरत नाही, कारण ती तुम्हीच लिहिलेली असते.

खटपट्या

@तिरकस, ठरलेल्या क्वेरींसाठी मान्य. शोधपानावर हे फिसकटतं. लेखक, विषय, भाषा, 'सध्या उपलब्ध' असे ४ ऐच्छिक फिल्टर ठेवले की १६ जोड्या होतात. मग माणूस व्हेअरची वाक्यं स्ट्रिंग चिकटवून बनवतो, कुठेतरी 'अँड' जास्त होतो, आणि एखाद्या दिवशी घाईत किंमतही स्ट्रिंगमध्येच चिकटते. म्हणजे इंजेक्शनला (वापरणाऱ्याने किमतीच्या जागी स्वतःचं एसक्यूएल घुसवण्याला) दार उघडं. क्वेरी बिल्डरमध्ये 'फिल्टर भरला असेल तर क्वेरीला आणखी एक व्हेअर लाव' एवढंच लिहायचं असतं.

तिरकस

ते ठीक. पण ओआरएम घेतलं म्हणून इंजेक्शन आपोआप टळतं असं कोणी समजू नये. कॉलमचं नाव प्रश्नचिन्हाच्या जागी भरता येत नाही, त्यामुळे 'कशानुसार लावायचं' हे यूआरएलमधून घेऊन थेट ऑर्डर-बायच्या स्ट्रिंगमध्ये घालणारे ओआरएमवालेही घालतातच. परवानगी असलेल्या नावांची डिक्शनरी ठेवा. नाव तिच्यात नसेल तर ठरलेला क्रम.

आणि महिनाअखेरचे अहवाल ओआरएममध्ये लिहायचा हट्ट करू नका. तीन जॉइन आणि एक विंडो फंक्शन आलं की सरळ एसक्यूएल लिहिलेलं परवडतं.

पाटीपेन्सिल

मायग्रेशनवर, म्हणजे चालू टेबलांची रचना बदलण्यावर, कोणी बोललं नाही, म्हणून.

आधी एक गैरसमज. पीवीचं 'क्रिएट टेबल्स' आणि एसक्यूएलअल्केमीचं 'क्रिएट ऑल' नसलेली टेबलं बनवतात, असलेल्या टेबलाला हात लावत नाहीत. मॉडेलमध्ये 'भाषा' कॉलम वाढवून अ‍ॅप पुन्हा सुरू केलं तर 'असा कॉलम नाही' हा एरर ठरलेला. फाइल उडवून नवी बनवणं पहिल्या आठवड्यापर्यंत ठीक.

पीवीसोबत 'प्लेहाउस मायग्रेट' येतं. कॉलम वाढवा, काढा, नाव बदला, इंडेक्स टाका, एवढं जमतं. पण कोणता बदल कुठे लागू झाला याची नोंद ते ठेवत नाही, आणि मॉडेल बघून बदल स्वतः शोधतही नाही. इतक्या छोट्या कामाला मी सांगेन ते असं: एका फोल्डरमध्ये ०००१, ०००२ अशा क्रमांकाच्या एसक्यूएल फाइली ठेवा. एसक्यूएलाइटच्या फाइलीत 'यूजर व्हर्जन' नावाचा एक पूर्णांक तुमच्यासाठी मोकळा ठेवलेला असतो, प्रॅग्माने वाचता-लिहिता येतो. अ‍ॅप सुरू होताना तो वाचायचा, त्याच्या पुढच्या फाइली क्रमाने चालवायच्या, प्रत्येक फाइल एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही असा आज्ञांचा गट), आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नवा क्रमांक लिहायचा. ३० ओळींचं काम आहे. पायथनच्या मॉड्यूलचं 'एक्झिक्यूट स्क्रिप्ट' मात्र आधी चालू असलेलं ट्रान्झॅक्शन कमिट करून टाकतं, म्हणून बिगिन आणि कमिट त्या फाइलीच्या मजकुरातच घाला.

रो असलेल्या टेबलात 'नॉट नल' कॉलम वाढवायचा तर डिफॉल्ट द्यावाच लागतो, नाहीतर एसक्यूएलाइट नकार देतं. कॉलमचं नाव बदलणं ३.२५ पासून आणि कॉलम काढणं ३.३५ पासून जमतं. सर्व्हरवरची आवृत्ती पायथनमधूनच तपासा, कारण कमांड लाइनवरचं एसक्यूएलाइट आणि पायथनने जोडलेलं एसक्यूएलाइट वेगवेगळं असू शकतं.

एसक्यूएलअल्केमी घेतलीत तर तिचं मायग्रेशनचं साधन अलेंबिक. ते मॉडेल आणि डेटाबेस ताडून बदलाची फाइल लिहून देतं, आणि तिथेच लोक फसतात. तुम्ही 'नाव'चं 'शीर्षक' केलंत की अलेंबिकला ते एक कॉलम काढला, एक वाढवला असं दिसतं. फाइल न वाचता चालवली की सगळ्या पुस्तकांची नावं गेली. बनलेली फाइल दरवेळी उघडून वाचायची आणि अशा जागी हाताने 'नाव बदला' लिहायचं. एसक्यूएलाइटवर 'रेंडर अ‍ॅज बॅच' चालू ठेवा. मग ते नवं टेबल बनवून, माल हलवून, जुनं काढून टाकतं. त्यासाठी कन्स्ट्रेंटना नावं लागतात, म्हणून मेटाडेटात 'नेमिंग कन्व्हेन्शन' पहिल्या दिवशीच घाला. नंतर घालणं फार किचकट.

गवाक्ष

रूबीवाल्यांसाठी: सिनात्रा या छोट्या फ्रेमवर्कसोबत अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड ओढत आणण्यापेक्षा सीक्वल हे ओआरएम बघा. मायग्रेशन आतच आहे, आणि मॉडेल न बनवता नुसतं डेटासेट म्हणून वापरलं तरी चालतं. दोन गोष्टी माहीत हव्यात. मॉडेलचा क्लास लोड होतानाच तो टेबलाचे कॉलम वाचतो, म्हणून मॉडेलची फाइल कनेक्शननंतर आणि मायग्रेशननंतर रिक्वायर करा. दुसरं, पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) मुळात ४ कनेक्शनचा असतो. पुमा या वेब सर्व्हरचे थ्रेड १६ ठेवलेत आणि पूल ४ वरच राहिला, तर गर्दीत पाचवा थ्रेड ५ सेकंद वाट बघून 'पूल टाइमआउट' देतो.

पीएचपीत स्लिमसोबत रेडबीन वापरणारे आहेत. ते कॉलम स्वतःच बनवतं, त्यामुळे प्रॉपर्टीच्या नावात टायपो झाला तर टेबलात त्या टायपोचा कॉलम उगवतो. चालू सर्व्हरवर 'फ्रीझ' ट्रू केल्याशिवाय ठेवूच नये.

पोनीबद्दल एकच: जनरेटरसारखी दिसणारी क्वेरी ते पायथनचा बाइटकोड उलगडून समजून घेतं. दिसायला झकास, पण पायथनची नवी आवृत्ती आली की पोनीत दुरुस्ती व्हायची वाट बघावी लागते.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. पीवीकडे कल आहे. देवघेवीची यादी पानाला २५ रो अशी दाखवायची आहे: पुस्तक, त्याचा लेखक, सभासद. लॉगर लावून पाहिलं तर एका पानाला ७६ क्वेरी जाताहेत. पीवीचा दोष आहे का हा?

सुईदोरा

नाही, कोणत्याही ओआरएममध्ये हे होतं. हिशेब बघा: यादीची १, प्रत्येक रोच्या पुस्तकासाठी २५, त्या पुस्तकाच्या लेखकासाठी २५, सभासदासाठी २५. बरोबर ७६. टेम्प्लेटमध्ये 'देवघेव डॉट पुस्तक डॉट लेखक डॉट नाव' लिहिलं की प्रत्येक डॉट एक फेरी मारून येतो. एकाच सभासदाच्या १० देवघेवी पानावर असतील तर पीवी त्याला दहा वेळा आणतं. एसक्यूएलअल्केमी एका सेशनमध्ये एकदाच आणेल, म्हणून तिथे आकडा थोडा कमी दिसतो. पण रोग तोच.

पीवीत उपाय असा. सिलेक्टमध्ये चारही मॉडेलं लिहा: देवघेव, पुस्तक, लेखक, सभासद. मग पुस्तकाला जॉइन, त्याच्यापुढे लेखकाला जॉइन, मग 'स्विच' करून देवघेववर परत, आणि तिथून सभासदाला जॉइन. प्रत्येक जॉइननंतर संदर्भ पुढच्या टेबलावर सरकलेला असतो, म्हणून स्विच विसरलात तर पीवी लेखक आणि सभासद यांच्यात फॉरेन की शोधतं आणि मिळत नाही म्हणून एरर देतं. हा एरर दिसला की स्विचच तपासा.

एरर न देता फसवणाऱ्या दोन जागा आहेत. जॉइन केलं पण सिलेक्टमध्ये ती मॉडेलं लिहिली नाहीत, तर जॉइन होतं आणि वर ७५ क्वेरीही जातात. आणि ज्या पुस्तकाला लेखकच नाही (शब्दकोश, वार्षिक अंक), ते साध्या जॉइनमध्ये यादीतून गायब होतं. लेखकासाठी लेफ्ट आउटर जॉइन हवं, आणि टेम्प्लेटमध्ये लेखक नसण्याची सोय.

उलट्या दिशेने, म्हणजे एका सभासदाच्या सगळ्या देवघेवी हव्या असतील, तर जॉइन करू नका, सभासदाचे रो तितक्या पटीने वाढतात. तिथे 'प्रीफेच'. एसक्यूएलअल्केमीत याच जोडीची नावं 'जॉइन्ड लोड' आणि 'सिलेक्ट-इन लोड'. शिवाय तिथे नात्यावर लेझी 'रेज' ठेवता येतं, म्हणजे न सांगता क्वेरी मारायला गेलं की थेट एरर. मला त्या लायब्ररीतली ही सगळ्यात कामाची सोय वाटते.

अर्धविराम

जमलं. ७६ वरून १. आता दुसरं: दोन ब्राउझरमधून एकदम पुस्तक दिलं की कधीकधी 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं. वॉल चालू आहे, टाइमआउट ५ सेकंदांचा ३० केला, तरी एरर ताबडतोब येतो, ३० सेकंद थांबतच नाही.

पाटीपेन्सिल

ताबडतोब येतो यातच उत्तर आहे. वॉलमध्ये वाचणारे कितीही चालतात, लिहिणारा एका वेळी एकच. तुमचं ट्रान्झॅक्शन आधी 'पुस्तक शिल्लक आहे का' हे वाचतं आणि मग देवघेव लिहितं. वाचताना त्याला डेटाबेसचं त्या क्षणाचं चित्र मिळालेलं असतं. मधल्या वेळात दुसऱ्याने काही लिहून कमिट केलं की ते चित्र शिळं झालं. शिळ्या चित्रावरून लिहायला एसक्यूएलाइट देत नाही, आणि कितीही थांबलं तरी ते ताजं होणार नाही, म्हणून टाइमआउटची वाट न बघताच नकार येतो.

वाचून मग लिहिणारं ट्रान्झॅक्शन सुरुवातीपासूनच 'लिहिणारं' म्हणून उघडा. पीवीत 'अ‍ॅटॉमिक'ला 'इमीजिएट' द्या. मग दुसरा दारातच थांबतो, आणि तिथे टाइमआउट खरोखर लागू होतो.

त्याहून बरं म्हणजे वाचणंच टाळा. 'शिल्लक = शिल्लक उणे १, जिथे दाखल क्रमांक अमुक आणि शिल्लक ० पेक्षा जास्त' असा एकच अपडेट पाठवा. पीवी बदललेल्या रोंची संख्या परत देतं. १ आली तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये देवघेव लिहा, ० आली तर पुस्तक संपलंय. शेवटची प्रत दोघांना दिली जाण्याचा प्रश्नही यातच मिटतो, आणि पोस्टग्रेसवर हेच जसंच्या तसं चालतं.

अवांतर: वॉलमध्ये मुख्य फाइलीशेजारी आणखी दोन फाइली असतात. चालू अ‍ॅपची नुसती मुख्य फाइल कॉपी करून बॅकअप घेतलात तर ताज्या नोंदी त्यात नसण्याची शक्यता आहे. एसक्यूएलाइटची बॅकअप आज्ञा किंवा 'व्हॅक्यूम इंटू' वापरा. आणि फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवू नका, तिथे वॉल चालत नाही.

रातराणी

पोस्टग्रेसला जायची वेळ आली तर एवढं बघून ठेवा.

एसक्यूएलअल्केमीचा पूल मुळात ५ कनेक्शनचा, वर १० जादा, आणि हा हिशेब प्रत्येक प्रोसेसचा वेगळा. गनिकॉर्न या वेब सर्व्हरचे ४ वर्कर (वेगळ्या प्रोसेस) म्हणजे जास्तीत जास्त ६०. दोन मशीन लावलीत की १२०, आणि पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. अ‍ॅप प्रीलोड (वर्कर बनायच्या आधीच लोड) करत असाल तर फोर्क झाल्यावर (वर्कर वेगळे झाल्यावर) प्रत्येक वर्करमध्ये इंजिन 'डिस्पोज' करा, 'क्लोज' फॉल्स देऊन. नाहीतर दोन प्रोसेस एकाच सॉकेटवर बोलतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला जातं. पीवीत पूल नसेल तर थ्रेडमागे एक कनेक्शन, म्हणजे ४ वर्कर गुणिले ४ थ्रेड, १६. तुमच्या १०-१५ जणांना ते पुरून उरतं.

एसक्यूएलाइट जे पोटात घालतं ते पोस्टग्रेस घालत नाही. ५० अक्षरांच्या कॉलमात ८० अक्षरं एसक्यूएलाइट मुकाट घेतं, पोस्टग्रेस एरर देतं. ग्रुप-बायमध्ये नसलेला कॉलम सिलेक्टमध्ये एसक्यूएलाइटला चालतो, पोस्टग्रेसला नाही. लाइक एसक्यूएलाइटमध्ये इंग्रजी अक्षरांचं लहान-मोठं बघत नाही, पोस्टग्रेस बघतं. पीवीचं 'कंटेन्स' तिथे आयलाइक वापरतं म्हणून वाचतं, पण हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये हे तुम्हालाच बदलावं लागेल.

आणि माल हलवल्यावर: जुने आयडी जसेच्या तसे भरले की पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा आकडा) १ वरच राहतो. पहिली नवी देवघेव नोंदवताच 'डुप्लिकेट की'. प्रत्येक टेबलासाठी 'सेटव्हॅल' चालवून सीक्वेन्स सर्वात मोठ्या आयडीवर आणा, आणि मगच अ‍ॅप लोकांसाठी उघडा.